चिखलासाठी थांबलेली हळद

माझं लग्न जमलं चिखलामुळे, आणि माझी हळद लांबली तीसुद्धा चिखलामुळे. हे कुणाला सांगायला लागले की आधी मलाच हसू फुटतं, त्यामुळे ही गोष्ट आजवर धड सलग सांगून झालेलीच नाही. म्हणून लिहून काढतेय.

मी ठाण्यात एका छोट्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे समुद्राच्या तळाचा चिखल येतो. जहाजावरून एक लांबलचक पोकळ नळी तळात घुसवतात, तिच्यात चिखल भरतो, ती वर काढून उभी चिरतात आणि तुकडे गोठवून आमच्याकडे पाठवतात. समुद्रात जे जगतं ते कधीतरी मरतं आणि त्याचा चुरा खाली बसत राहतो. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. त्या मातीच्या कणांना मेलेल्या जिवांच्या डीएनएचे बारीक तुकडे चिकटून राहतात. अरबी समुद्रात काही खोलीवर प्राणवायू फार कमी आहे, म्हणून तिथे हे तुकडे हजारो वर्षं टिकू शकतात. ते सोडवून घ्यायचे, वाचायचे आणि त्या काळी त्या पाण्यात कोण कोण राहत होतं ते सांगायचं, हे माझं काम. ज्यांना हाड नाही, शिंपला नाही, अशा मऊ जिवांचा माग काढायला याखेरीज फारसा दुसरा रस्ताच नसतो.

हे सगळं मी आईला दहा वेळा सांगितलेलं. तरी ती कोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये सांगायची, ‘ती पाण्याच्या खात्यात आहे.’ त्यामुळे नळाला पाणी आलं नाही की वरच्या मजल्यावरच्या काकू थेट माझ्याकडे यायच्या. बाबांचं उलटं. ते बँकेतून निवृत्त झालेले, वेळ भरपूर, आणि मी सांगितलेला शब्द न् शब्द पाठ. इस्त्रीवाल्याला कपडे देतानासुद्धा ते त्याला डीएनए समजावून सांगायचे.

तिशी उलटल्यावर आईने माझं नाव एका साइटवर घातलं. एक-दोन मुलं बघून झाली. एकाने विचारलं, ‘यात स्कोप आहे का?’ दुसऱ्याने विचारलं, ‘हाताला वास येतो का?’ तिसरा ठाण्यातल्याच बाळकुमचा होता. आम्ही तलावपाळीजवळ एका हॉटेलात भेटलो. उंच, सावळा, शर्टाची इस्त्री नुकतीच केलेली आणि बुटांना मात्र वाळलेला करडा चिखल. तो समोर बसला आणि पाणी प्यायला.

‘तुम्ही इंजिनीअर ना?’ मी विचारलं.

‘हो. खाडीवर पूल बांधायच्या आधी बोअर मारतो आम्ही. खाली खडक कुठे लागतो ते बघायला.’ मग जरा थांबून म्हणाला, ‘खरं सांगू का, दिवसभर चिखल काढतो.’

माझ्या तोंडात चहा होता. तो नाकातून आला. मी रुमाल शोधेपर्यंत त्याचा चेहरा पडला.

‘हसण्यासारखंच आहे म्हणा,’ तो म्हणाला.

‘नाही हो. मी पण.’

‘काय मी पण?’

‘मी पण चिखलच काढते.’

त्यानंतर वेटरने दोनदा टेबल पुसलं तरी आम्ही उठलो नाही. किती खोल जाता, नळी केवढी, चिखल चिकट की भुसभुशीत, वास कसला. पगार, पत्रिका, आवडीनिवडी सगळं राहूनच गेलं. फक्त एका गोष्टीने मला धक्का बसला. खडक लागेपर्यंतचा बराचसा चिखल ते बाजूला टाकून देतात.

‘टाकून?’

‘मग काय करणार त्याचं?’

मला खरोखर वाईट वाटलं, आणि ते त्याला दिसलं. पुढच्या भेटीत त्याने मिठाईच्या रिकाम्या डब्यातून मला खाडीचा चिखल आणून दिला. वर रबरबँड. कामाचा तो काहीच नव्हता. त्यात आता त्याच्या हाताचा, हवेचा आणि पेढे ज्या म्हशीच्या दुधाचे होते त्या म्हशीचासुद्धा डीएनए असणार, हे मी त्याला सांगितलं. तो इतका हसला की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. घरी जाऊन मी आईला सांगितलं, हाच.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, ते बाळकुमचे जुने आगरी. आईला जरा धाकधूक होती. पण त्याची आत्या आमच्याकडे आली आणि तिने पहिल्या पाच मिनिटांत सगळं घर ताब्यात घेतलं. हिरवं लुगडं, दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या, आवाज तळमजल्यापर्यंत जाणारा. बैठकीतच तिने मला जवळ ओढलं.

‘काय शोधतस गो तू चिखलान?’

‘जुने जीव, आत्या. मेलेले.’

‘गावतान?’

‘कधीकधी.’

‘मंग बरा हाय,’ ती म्हणाली आणि आईने केलेली सांदणं तिने सगळ्यांना स्वतःच वाढायला घेतली. आईची धाकधूक तिथेच संपली.

लग्न तोंडावर आलं तेव्हाची गोष्ट. एका सकाळी मी संगणकावर एका जुन्या थराची यादी बघत होते. म्हणजे कुठला तुकडा कुठल्या जिवाशी जुळतो ती यादी. नेहमीचे सूक्ष्म जंतू, नेहमीच्या वनस्पती. आणि मध्येच तो. एकाच पेशीचा जीव, टाचणीच्या डोक्याहूनही लहान. पाणी ढवळलं की निळा चमकतो. कोकणात हल्ली लोक लाटा चमकताना बघायला किनाऱ्यावर गर्दी करतात ना, ती याचीच करामत. अलीकडे तो आपल्या समुद्रात वाढलाय असं म्हणतात. पण पूर्वी तो इथे होता का, किती होता, हे सांगणार कोण? मेल्यावर तो डोळ्यांना दिसेल असं मागे काहीच ठेवत नाही. आणि इथे, कित्येक हजार वर्षांपूर्वीच्या चिखलात, त्याच्या डीएनएचे मोजके तुकडे पडलेले.

मी उठले, बसले, पुन्हा उठले. मग बाईंना बोलावलं.

बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. पन्नाशी उलटलेल्या, नौपाड्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या, भाषा एकदम शुद्ध. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी यादी पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिली.

‘बाहेरून शिरलं असेल,’ त्या म्हणाल्या.

‘हो बाई.’

‘जहाजावर समुद्राच्या पाण्याचा एक थेंब उडाला तरी हे दिसेल.’

‘हो बाई.’

‘तू हसते आहेस.’

‘हो बाई.’

उपाय एकच होता. त्याच खोलीचा, नळीच्या दुसऱ्या अर्ध्या भागातला तुकडा मागवायचा, त्याच्या मधोमधचा, बाहेरचा स्पर्श न झालेला चिखल घ्यायचा आणि सगळं पहिल्यापासून करायचं. सोबत एक छोटी कोरी परीक्षानळी न्यायची. तिला आम्ही ब्लँक म्हणतो. तिच्यात द्रव तेच, कृती तीच, फक्त चिखल नाही. शेवटी तिच्यात काहीही उगवता कामा नये. उगवलं तर समजायचं की घाण आपलीच आहे.

तुकडा मागवला. तो वाटेत रखडला. आणि हे काम जिच्यात करावं लागतं ती आमची स्वच्छ खोली लग्नाच्या आदल्या संध्याकाळी दुसऱ्या गटाकडे जाणार होती, दीड महिन्यासाठी. त्याआधी बाई जहाजवाल्यांना कळवणार होत्या की आणखी किती खोलवरचे तुकडे कापा. माझ्यासोबतची मुलगी बाळंतपणाच्या रजेवर. बाईंचे हात हल्ली थरथरतात, त्या बारीक नळ्या हाताळत नाहीत. राहिले मी. मी कॅलेंडर घेऊन हिशेब मांडला तर शेवटचं काम नेमकं हळदीच्या दिवशी येत होतं.

त्या खोलीत जायचं म्हणजे सोवळंच. सकाळी डोक्यावरून आंघोळ, धुतलेले कपडे, त्या दिवशी दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं नाही. मग पायघोळ पांढरा सूट, तोंडाला मास्क, हातमोज्यांवर हातमोजे. गालाला हळद लावून आत जाणं म्हणजे हळदीच्या झाडाचा अख्खा डीएनए पाहुणा म्हणून नेण्यासारखं.

आई म्हणाली, ‘हळदीच्या दिवशी नवरी उंबरा ओलांडत नाही.’

‘दुपारपर्यंत येते गं.’

‘उष्टी हळद बाराच्या आत येणार आहे. त्यांना काय सांगू, नवरी कामाला गेलीय?’

आमच्याकडे आधी नवऱ्याला हळद लावतात आणि त्यातली उरलेली, उष्टी, नवरीकडे पाठवतात. त्यांच्याकडेही तेच. मी गॅलरीत जाऊन त्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

‘म्हणजे,’ तो हळूहळू म्हणाला, ‘माझ्या हळदीशिवाय तुझी हळद सुरूच होत नाही.’

‘नाही.’

‘आणि मला उशिरा लागली तर?’

मला एकदम इतका आनंद झाला की गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीला धरून उभी राहिले.

‘किती वेळ पाहिजे तुला?’

‘दुपारपर्यंत. थोडं पुढेमागे.’

‘बघतो,’ तो म्हणाला.

हळदीच्या दिवशी सकाळी बाबांनी गाडी काढली. आई दारात उभी होती, बोलत नव्हती, पण डब्यात पोळी-भाजी होती. माणकोलीच्या पुलावरून आम्ही कशेळीकडे निघालो. बाळकुम नाक्यावर त्यांच्या गल्लीतून डीजेचा आवाज येत होता. मांडवाची पताका दिसत होती. नवरीने नवरदेवाला हळदीआधी बघू नये म्हणून बाबांनी मला मान खाली घालायला लावली आणि स्वतः मात्र वळून वळून बघत राहिले.

‘वाजतंय छान,’ ते म्हणाले.

त्या खोलीत मी कधी इतक्या आनंदात काम केलेलं नाही. बाहेरचा आवाज आत येत नाही, नुसती पंख्यांची घरघर. नळ्यांच्या तळाशी थेंब थेंब पाणी, दिसायला अगदी साधं. त्यांच्यात, असला तर, तो चमकणारा जीव. मास्कच्या आत मी गाणं म्हणत होते. गाणं कसलं, बाळकुमवरून येताना कानात बसलेला डीजेचा ठेका. नमुन्याच्या तिन्ही नळ्या भरल्या, झाकणं लावली, ब्लँक भरली, पुन्हा एकदा तपासलं आणि छोट्या खिडकीतून नळ्यांचं ताट बाईंच्या हातात दिलं. मशीन वेगळ्या मजल्यावर आहे. पुढचं मशीनचं काम: नळीत त्या जिवाचा डीएनए असला तर पडद्यावरची रेषा वर चढते, नसला तर सपाट राहते.

‘तू जा आता,’ बाई काचेपलीकडून म्हणाल्या. ‘मी बसते.’

तिकडे बाळकुमला काय चाललं होतं ते मला नंतर आत्याने सांगितलं. नवरदेव आधी केस कापायला गेला तो बराच वेळ आला नाही. आला तर म्हणे कुर्ता सापडत नाही. कुर्ता सापडला तर एका मित्राची वाट बघूया. मित्र आला. मग तो आंघोळीला गेला आणि बाहेर येईचना. धवळे म्हणणाऱ्या बायकांनी लग्नाची सगळी गाणी म्हणून संपवली आणि पुन्हा पहिल्यापासून धरली. आत्याने दार बडवलं. आतून म्हणाला, ‘साबण जात नाय.’ सगळ्या गल्लीला वाटलं, पोरगा घाबरला, लग्न मोडतोय. बायका त्याच्या आईला पाणी देत होत्या. शेवटी माझा ‘झालं’ एवढाच मेसेज गेला आणि तो लगेच बाहेर आला, पाटावर बसला आणि म्हणाला, ‘लावा.’

आम्ही लगेच कोपरला पोचलो असतो तर सगळं बिनबोभाट पार पडलं असतं. पण आधी बाबांना ठाण्यातूनच गजरे घ्यायचे होते, मग पेट्रोल भरायचं होतं, आणि मग कशेळीच्या पुलाआधी गाड्या ठप्प झाल्या. पुढे कुठेतरी ट्रक बंद पडलेला. बाबांनी इंजिन बंद केलं, काच खाली केली. मी डबा उघडून पोळी खायला लागले. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

शेजारच्या रांगेत एक टेम्पो ट्रॅव्हलर येऊन थांबली. आतून बायकांचं गाणं. मी पोळीचा घास तोंडात घालून वर पाहिलं तर खिडकीत आत्या. मांडीवर तांब्याची परात, वर झाकलेला लाल कपडा.

गाणं थांबलं.

‘नवरी हितं कशी?’ आत्या म्हणाली.

बाबांनी स्टिअरिंगवरून पुढे वाकून नमस्कार केला. ‘कामाला गेली होती.’

‘हलदीच्या दिशी?’

लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगून टाकलं. चिखल, खोली, कोरी नळी, त्याचा फोन, सगळं. बोलता बोलता मला हसू येत होतं आणि घास गिळता येत नव्हता. आत्याने ऐकून घेतलं. मागे बायकांत कुजबुज सुरू झाली आणि एकेक करत हसण्याची लाट मागच्या सीटपर्यंत गेली.

‘म्हंजे तो न्हानीन बसला तो तुझ्यासाठी?’

‘हो आत्या.’

‘मी त्याला न्हाय न्हाय ते बोलली गो.’ तिने कपाळाला हात लावला. मग विचारलं, ‘काम झाला तुझा?’

‘झालं.’

‘आता हलद लावली तं चालंल?’

‘आता चालेल.’

ती खाली उतरली. सरळ दोन गाड्यांच्या मधल्या फटीत उभी राहिली, परात एका बाईच्या हातात दिली, कपडा काढला आणि खिडकीतून हात घालून माझे दोन्ही गाल, कपाळ, हात पिवळे केले. बाकीच्याही उतरल्या. पोळीला हळद लागली. बाबांच्या शर्टाला लागली. पलीकडचा रिक्षावाला आधी हॉर्न वाजवत होता, मग त्याला काय चाललंय ते कळलं आणि तो गाण्याच्या ठेक्यात हॉर्न वाजवायला लागला. त्या पुलाच्या तोंडाशी, गाड्यांच्या धुरात, माझी हळद सुरू झाली.

तेवढ्यात फोन वाजला. माझे हात हळदीने भरलेले. बाबांनी तो उचलून स्पीकरवर टाकला.

‘ब्लँक सपाट आहे,’ बाईंचा आवाज. ‘शेवटपर्यंत सपाट.’

‘आणि नमुना?’

‘चढला. उशिरा चढला, पण चढला. तिन्ही नळ्यांत.’

मग फोनमधून एक विचित्र आवाज यायला लागला. मला वाटलं लाइन खराब झाली. बाई हसत होत्या. बारीक, चढत जाणारं, शाळकरी मुलीसारखं हसू, मधेमधे श्वास घेऊन पुन्हा सुरू होणारं. मीही हसायला लागले. बाबांचे डोळे भरून आले आणि ते पिवळ्या बोटांनी पुसायला लागले.

‘कोन चढला?’ आत्याने विचारलं.

बाबा याच क्षणाची कित्येक वर्षं वाट बघत असावेत. ते गाडीतून उतरले, शर्ट नीट केला आणि त्या सगळ्या बायकांना, रिक्षावाल्याला आणि मागच्या दुचाकीवरच्या दोघांना त्यांनी नीट समजावून सांगितलं की समुद्रात एक चमकणारा जीव असतो, आणि हजारो वर्षांपूर्वीसुद्धा तो आपल्याच समुद्रात होता, आणि आज दुपारी हे बहुतेक पक्कं झालं. ‘बहुतेक’ हा शब्द त्यांनी मुद्दाम माझ्याकडे बघत उच्चारला.

आत्या बायकांकडे वळली. ‘आमच्या सुनेन हजार वर्सांचा जित्राप धरला गो,’ ती म्हणाली, आणि परातीतली आणखी चिमूटभर हळद माझ्या डोक्यावर ठेवली.

ट्रक हलला. आमची गाडी पुढे आणि उष्टी हळद मागे, अशी वरात कोपरला पोचली. आई आरतीचं ताट घेऊन खाली उभी होती. गाडीतून पिवळीधमक नवरी उतरलेली बघून तिने आधी माझ्याकडे, मग बाबांकडे, मग मागून उतरणाऱ्या आत्याकडे पाहिलं.

‘तोंड धू,’ ती म्हणाली, ‘आणि पाटावर बस. पुन्हा लावू.’ आणि आत गेल्यावर, कुणी बघत नाही असं बघून, ‘तुझं ते काम झालं ना?’

‘झालं गं.’

‘मग बरं,’ म्हणाली आणि माझ्या कानामागे राहिलेला हळदीचा गोळा तिने पदराने पुसला.

संध्याकाळी बाई आल्या. नऊवारी नेसलेल्या आत्याच्या शेजारी आमच्या सुती साडीतल्या बाई बसल्या आणि त्यांनी मोबाइलवरची ती रेषा तिला दाखवली. आत्याने परात पुढे केली. बाई कुणालाच हळद लावू देत नाहीत, हे आमच्या सगळ्या प्रयोगशाळेला माहीत आहे. त्या विचारात पडल्या, मग गाल पुढे केला. ‘लावा,’ म्हणाल्या. ‘खोली आता दीड महिना आपली नाही.’

लग्न झालं. गालावरची हळद गेली तरी मेंदी जाईना. ती तशीच असताना मी कामावर परतले आणि तिच्यावरच हातमोजे चढवले. बाईंनी आमचं निरीक्षण लिहून पाठवायला घेतलंय, आणि प्रत्येक वाक्यात ‘असावं’, ‘दिसतं’, ‘शक्य आहे’. एका थरात तो आहे, त्याच्या वरच्या दोन थरांत नाही, त्याच्याही वर पुन्हा आहे. आला, गेला, पुन्हा आला, असं दिसतं. का, ते ठाऊक नाही.

जहाजवाल्यांनी बाईंच्या सांगण्यावरून आणखी खालचे तुकडे कापून पाठवले. आमची खोली परत मिळाली, आणि त्यातल्या सगळ्यात खोल तुकड्याची यादी परवा आली. त्यात एक ओळ अशी आहे की ती कुणाशीच जुळत नाही. माशाशी नाही, शेवाळाशी नाही, माहीत असलेल्या कुठल्याच जिवाशी नाही. मी आणि बाई शेजारी शेजारी खुर्च्या ओढून नावाची ती रिकामी जागा बघत बसलो.

‘बाहेरून शिरलं असेल,’ मी म्हणाले.

‘कुठून?’ बाईंनी विचारलं, आणि आम्हा दोघींना हसू आवरेना.